बाथरूममध्ये आधाराचा दांडा बसवताना: आधी टिकली, मग ड्रिल

गेल्या दिवाळीत अभ्यंगस्नान आटोपून उठताना आईने टॉवेल रॉड धरला आणि रॉड भिंतीतून निघून तिच्या हातात आला. दुसरा हात बेसिनवर होता म्हणून ती पडली नाही. रॉडच्या दोन्ही टोकांना बोटाच्या पेराएवढे स्क्रू लोंबत होते, त्यांना प्लास्टिकच्या पांढऱ्या गिट्ट्या (स्क्रू पकडायला भोकात ठोकतात त्या नळ्या) चिकटलेल्या. एवढ्याशा स्क्रूंवर आम्ही वर्षानुवर्षं निर्धास्त होतो.

दिवाळी संपल्या संपल्या मी घाईने दीड फुटी ग्रॅब बार आणला आणि दुकानदाराने पाठवलेल्या माणसाकडून बसवून घेतला. "मॅडम, स्टँडर्ड हाइट छत्तीस इंच," म्हणत त्याने आईकडे बघितलंही नाही आणि भोकं पाडली. आई चार फूट दहा इंच. कमोडवर बसली की तो दांडा तिच्या खांद्याशी येई. धरून उठायचं म्हणजे पीएमटी बसच्या दांड्याला लटकल्यासारखं. पुढे पुण्यातच वाकडच्या माझ्या फ्लॅटमध्ये उंची बरोबर साधली, तर भिंतीने दगा दिला. महिना-दीड महिन्यात दांडा डुगडुगायला लागला. या दोन चुकांतून जे शिकले ते इथे क्रमाने लिहिते. दुकानात सगळ्यात शेवटी जायचंय, हे मात्र आधीच सांगून ठेवते.

आधी माणूस: एक लाटणं आणि टिकल्यांचं पाकीट

बाथरूम पूर्ण कोरडं करा. ज्यांच्यासाठी दांडा बसवायचा त्यांना नेहमीच्या कपड्यांत आत न्या आणि रोजचा सगळा कार्यक्रम कोरडाच करायला सांगा. दार उघडणं, उंबरा ओलांडणं, कमोडवर बसणं-उठणं, बादलीपाशी जाणं, स्टुलावर बसणं-उठणं, बाहेर येणं. पडतील असं वाटलं तर धरायला शेजारी उभ्या राहा, पण सूचना देऊ नका. नुसतं बघा, हात कुठे जातो. जिथे तो आपोआप टेकतो तिथे टिकली चिकटवा. टाइलवर पेन्सिल उमटत नाही, टिकली लगेच दिसते आणि हलवताही येते.

आमच्याकडे सात टिकल्या लागल्या. त्यातल्या चार जागी आधीच काहीतरी होतं: टॉवेल रॉड, फ्लशच्या टाकीचं झाकण, हँड शॉवरचा हुक आणि दाराची मूठ. आई रोज या चौघांच्या भरवशावर अंघोळ उरकत होती, आणि आम्हाला पत्ता नव्हता.

मग लाटणं घ्या. टिकलीच्या जागी ते दोन्ही टोकांनी भिंतीशी घट्ट धरा आणि त्यांना त्यावर हलका हात टेकून उठल्यासारखं करायला सांगा. पूर्ण भार टाकू देऊ नका, हे लाटणं आहे. वर-खाली, आडवं-उभं करून बघा. "अगं, इथे नको, मनगट दुखतं," असं आई म्हणाली की टिकली इंचभर खाली. दहा मिनिटांत जागा ठरते, आणि ती कुठल्याही तक्त्यातल्या जागेपेक्षा खरी असते.

यातून एक गोष्ट फार स्पष्ट दिसली. आडवा दांडा ढकलायला लागतो, उभा दांडा ओढायला. गुडघे कमकुवत असले तरी खांदे-दंड बरे असतील तर माणूस तळहात टेकून स्वतःला वर ढकलतो. तोल जात असेल तर तो समोरचं काहीतरी धरून पुढे येतो. बहुतेक घरांत दोन्ही लागतात. तिरपे, पंचेचाळीस अंशांत बसवलेले दांडे दिसतात ऐटबाज, पण साबणाचा हात त्यावरून उताराला लागल्यासारखा घसरतो. मी तरी बसवणार नाही.

अर्धांगवायू झाला असेल तर दांडा चांगल्या हाताच्या बाजूला हवा. पण जाताना उजवीकडे असलेली भिंत येताना डावीकडे असते, हे सगळेच विसरतात. अशा वेळी, किंवा खुब्याचं-गुडघ्याचं ऑपरेशन नुकतंच झालं असेल तर, फिजिओथेरपिस्ट किंवा ऑक्युपेशनल थेरपिस्टना एकदा घरी बोलवा आणि टिकल्या त्यांच्या देखत लावा.

कुठे, किती उंचीवर

"स्टँडर्ड हाइट" या शब्दाचं आधी बघू. अमेरिकेतल्या सार्वजनिक शौचालयांच्या नियमात कमोडशेजारचा आडवा दांडा जमिनीपासून ३३ ते ३६ इंचांवर असतो. आपल्याकडचा छत्तीसचा आकडा बहुधा तिथूनच आलाय. पण त्या नियमात कमोडची सीटही १७ ते १९ इंच उंच धरलेली आहे. ब्रिटनच्या मार्गदर्शिकेत व्हीलचेअरवाल्यांच्या शौचालयात आडवा दांडा ६८ सेंटिमीटरवर, म्हणजे जेमतेम २७ इंचांवर सांगितलाय. दोन देशांत अर्ध्या फुटाहून जास्त फरक. आपल्या केंद्र सरकारचीही २०२१ची सुगम्यतेची मार्गदर्शक तत्त्वं आहेत, पण त्यांचा मुख्य रोख सार्वजनिक इमारतींवर आहे. तुमच्या आईच्या कोपराची उंची यातल्या कुठल्याच कागदावर नाही.

आमच्या कमोडची सीट साडेपंधरा इंचांवर आहे. आईसाठी आडवा दांडा २६ इंचांवर ठरला: बसल्यावर तळहात टेकला की कोपर किंचित वाकलेलं राहतं. कोपर पार ताठ होत असेल तर दांडा खाली आहे, खांदा उचलला जात असेल तर वर.

उभ्या दांड्याची जागा लोक हमखास चुकवतात. तो कमोडच्या बरोबर शेजारी लावतात. बसल्या जागेवरून कसे उठतो ते स्वतःच करून बघा: पाय मागे जातात, अंग पुढे झुकतं, नाक पायाच्या बोटांवर येतं आणि मग बूड सुटतं. म्हणजे हात पुढे काहीतरी शोधत असतो. उभा दांडा कमोडच्या पुढच्या कडेपासून आणखी आठ-दहा इंच पुढे हवा. एल आकाराचा दांडा घेतला तर आडवी बाजू शेजारी आणि उभी बाजू पुढे, असं दोन्ही एकातच साधतं.

शेजारची भिंत हाताच्या टप्प्यात नसेल तर मागच्या भिंतीतून निघणारा, वर दुमडता येणारा दांडा मिळतो. सोयीचा असतो, पण त्याचा सगळा भार पुढच्या टोकावर येतो आणि भिंतीतल्या स्क्रूंना तो उपटू बघतो. मागे पक्की वीट किंवा काँक्रीट असेल तरच.

आता अंघोळ. परदेशी चित्रांत टब आणि शॉवर दाखवलेले असतात. आपल्याकडे बादली, तांब्या आणि स्टूल. दांड्याच्या आधी ते बुटकं स्टूल बदला. इतक्या खालून उठायचं तर कुठलाही दांडा अपुरा. सीट साधारण कमोडइतकी उंच, पायांना जाड रबरी बूट, आणि वर बसून हलवलं तर न हलणारं, असं स्टूल घ्या. त्यावर बसल्यावर समोर किंचित बाजूला उभा दांडा. खालचं टोक बसलेल्या माणसाच्या कोपराशी आणि वरचं टोक उभ्या माणसाच्या खांद्याच्या जरा खाली. म्हणजे उठता उठता हात सोडून पुन्हा धरावा लागत नाही. मिक्सरच्या नळाला खेटून दांडा लावू नका. घाईत हात नळावर पडतो, आणि तो गरम पाण्याकडे फिरला तर वेगळंच संकट.

दारापाशी एक छोटा उभा दांडा, फूटभराचा, फार उपयोगी पडतो. बहुतेक फ्लॅटमध्ये बाथरूमची फरशी खाली किंवा उंबरा वर असतो, आणि एका पायावर उभं राहण्याचा क्षण तोच. ग्रॅनाइटच्या चौकटीत मात्र भोक पाडू देऊ नका, तडा जातो. चौकटीपासून दोन-तीन इंच सोडून भिंतीत बसवा. दाराबद्दल एक आगंतुक सल्ला: ते आत उघडत असेल आणि माणूस आत दाराला टेकून पडला, तर बाहेरच्याला दार ढकलता येत नाही. बिजागऱ्या बदलून ते बाहेर उघडणारं करून घ्या, निदान कडी तरी बाहेरून उघडता येईल अशी बसवा.

देशी संडास असेल, जुन्या वाड्यांतून आणि चाळींतून अजून आहेतच, तर समोर एक उभा दांडा आणि बाजूला एक आडवा, दोन्ही उकिडवं बसल्यावर छातीपासून खाली हात पुरेल असे. उठण्याची सगळी ताकद समोरून ओढण्यात असते.

भिंत: इथे घाई नको

दांड्यावर अख्ख्या माणसाचा भार एका झटक्यात येतो. अमेरिकी नियमात दांड्याने आणि त्याच्या बसवणीने २५० पौंड, म्हणजे सुमारे ११३ किलोंचा भार पेलावा अशी अट आहे. आता हिशोब करा. टाइलची जाडी आठ-दहा मिलिमीटर. मागचं सिमेंट किंवा ॲडहेसिव्ह आणखी तेवढंच, कधी दुप्पट. त्यामागे बारा-पंधरा मिलिमीटरचा गिलावा. म्हणजे खरी भिंत सुरू व्हायच्या आधीच तीस-चाळीस मिलिमीटर गेले. पाकिटात मिळणारा स्क्रू बऱ्याचदा दीड इंची, म्हणजे अडतीस मिलिमीटरचा. तो नुसत्या गिलाव्यात उभा राहतो. टॉवेल रॉड का उपटला ते मला हा हिशोब मांडल्यावर कळलं.

भिंत कसली आहे ते इमारतीच्या वयावरून अंदाजाने कळतं. कोथरूडचं आईचं घर १९८८च्या सुमाराचं, विटांचं. वाकड, हिंजवडी, खराडीच्या नव्या टॉवरमध्ये सिपोरेक्स किंवा मायवान. सिपोरेक्स हे मुळात एका ब्रँडचं नाव, पण पुण्यात कुठल्याही हलक्या पांढऱ्या ब्लॉकला तेच म्हणतात. मायवानमध्ये ॲल्युमिनियमचे साचे लावून भिंतीसुद्धा काँक्रीटच्याच ओततात.

खात्री मात्र पहिल्या भोकातून येणाऱ्या भुकटीने होते. भोकाखाली कागदाची घडी चिकटवा. आधी टाइलची पांढरी भुकटी, मग सिमेंटची करडी. त्यानंतर लाल आली तर वीट. करडीच राहिली आणि ड्रिल किंचाळायला लागलं तर काँक्रीट. फिकट, हलकी, पिठासारखी भुकटी आली आणि ड्रिल लोण्यातून सुरी जावी तसं आत गेलं तर सिपोरेक्स. आणि ड्रिल एकदम मोकळं पडलं तर आत पोकळी आहे, तिथेच थांबा.

विटेत तीन इंची स्टेनलेस स्क्रू आणि चांगली नायलॉनची गिट्टी पुरते. पण साडेचार इंची भिंत असेल तर ड्रिलच्या टोकावर टेप गुंडाळून खोलीची खूण करा, नाहीतर पलीकडच्या बेडरूममध्ये उजेड पडेल. काँक्रीटसारखी पकड कशाचीच नाही, फक्त सळी लागली तर जागा इंचभर सरकवावी लागते. सिपोरेक्समध्ये साधी गिट्टी चालत नाही, माझा दांडा डुगडुगला तो याचमुळे. तिथे ब्लॉकसाठीची वेगळी लांब गिट्टी मिळते, किंवा केमिकल अँकर: भोक साफ करून त्यात रसायन भरायचं, स्टड (आट्यांचा गज) घालायचा, आणि पाकिटावर लिहिलेला वेळ संपेपर्यंत त्याला हातही लावायचा नाही. पलीकडची बाजू आपल्याच खोलीतली असेल तर सगळ्यात खात्रीचा उपाय म्हणजे आरपार बोल्ट आणि मागे स्टीलची पट्टी. वाकडला शेवटी आम्ही तेच केलं. पट्टी कपाटामागे आहे, कुणाला दिसत नाही.

टाइलही ठोकून बघा. पान्याच्या मुठीने किंवा नाण्याने. भरीव आवाज आला तर ठीक, पोकळ आला तर मागे सिमेंट नाही आणि स्क्रू आवळताना टाइल फुटणार.

भिंतीतल्या पाइपांचं विसरू नका. गीझरपासून मिक्सरपर्यंत गरम-गार पाइप बहुतेक सरळ उभे उतरतात. त्या रेषेच्या दोन्ही बाजूंना सहा-सहा इंच सोडा. पण आडवेही गेलेले असू शकतात, तेव्हा घराचं काम केलेला प्लंबर असेल तर त्याला विचारा, टाइल्स लागण्याआधीचे फोटो असतील तर शोधा. ड्रिल सुरू करण्याआधी पाण्याचा व्हॉल्व्ह आणि गीझरचा एमसीबी (विजेच्या बोर्डावरचा स्विच) बंद. पाइप फुटला तर आपलं पाणी जाईल ते जाईल, खालच्यांच्या सिलिंगला ओल आली की सोसायटीच्या पुढच्या तीन मीटिंगा त्यातच जातात.

आता दुकानात जा

रविवार पेठेत बोहरी आळीत हार्डवेअरची दुकानं ओळीने आहेत. लांबी आणि किती स्क्रू हवेत हे कागदावर लिहूनच जा, नाहीतर चकाकीला भुलून भलतंच घ्याल.

जाडी बत्तीस मिलिमीटरच्या आसपास बघा. मूठ वळली की अंगठा बोटांवर आला पाहिजे. दांडा आणि भिंत यांत दीड इंच अंतर. कमी असेल तर बोटांची पेरं भिंतीला घासतात. जास्त असेल तर पडताना हात मनगटापुढे आत सरकतो आणि तिथेच अडकून मोडतो. दोन्ही टोकांना तीन-तीन स्क्रूंची तबकडी हवी.

स्टील ३०४ ग्रेडचं घ्या. त्यात साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं. स्वस्तातल्या २०२मध्ये निकेल कमी, मँगनीज जास्त, आणि बोअरच्या, टँकरच्या खारट पाण्यात त्याला लवकर तांबेरा धरतो. दुकानदार लोहचुंबक लावून दाखवेल, "बघा, चिकटत नाही." त्याने काही सिद्ध होत नाही, दोन्हींना चिकटत नाही. बिलावर "एसएस ३०४" लिहून मागा. गुळगुळीत आरशासारखा नको, खडबडीत पकडीचा किंवा मॅट घ्या. अभ्यंगाच्या दिवशी तेलाच्या हाताने धरून बघितलात की कारण कळेल. आणि मोतीबिंदूच्या डोळ्यांना पांढऱ्या टाइलवर पांढरा दांडा दिसतच नाही, तेव्हा उठून दिसणारा रंग.

हवेने चिकटणारे, सक्शनवाले दांडे घेऊ नका. टाइलच्या सांध्यातून किंवा खडबडीतपणातून हवा शिरते आणि ते कधी सुटतील ते आधी कळत नाही. भाड्याच्या घरात मालक ड्रिलला परवानगी देत नसेल तर कमोडभोवती ठेवायची, रबरी बुटांची लोखंडी चौकट सर्जिकलच्या दुकानात मिळते, ती बरी.

बसवण्याचा दिवस

सोसायटीत दुपारी ड्रिल चालू देत नाहीत, तेव्हा सकाळी बोलवा. टिकल्यांवर कागदी टेप लावून त्यावर खुणा करा. टेपमुळे बिट, म्हणजे ड्रिलचं टोक, घसरत नाही. टाइलमधून जाईपर्यंत टाइलचाच बिट आणि हॅमर, म्हणजे ड्रिलची ठोके मारायची सोय, बंद, हे त्याला दोनदा सांगा. सवयीने पहिल्या झटक्यालाच हॅमर चालू करतात आणि टाइलला कोळ्याचं जाळं पडतं. टाइल पार झाली की बिट बदलून विटेत किंवा काँक्रीटमध्ये हॅमर. सिपोरेक्समध्ये शेवटपर्यंत नाही. भोक टाइलच्या कडेपासून निदान इंचभर आत. भुकटी फुंकून, ब्रशने पूर्ण काढा, भुकटीत गिट्टी धरत नाही. गिट्टी घालण्याआधी भोकाच्या तोंडाशी सिलिकॉन भरा, म्हणजे पाणी भिंतीत मुरणार नाही.

झालं की दुसऱ्या दिवशी आधी तुम्ही लटका. दोन्ही हातांनी, पाय टेकलेले ठेवून, पूर्ण वजनाने मागे झुका. हलला, कुरकुरला तर त्याच माणसाला परत बोलवा. हे करायच्या आधी पैसे चुकते करू नका.

त्यानंतर

महिन्यातून एकदा तबकडीवरची टोपी सरकवून स्क्रू बघा, सैल असेल तर आवळा. ॲसिडने बाथरूम धुताना दांड्याला ते लागू देऊ नका, लागलंच तर लगेच पाणी. त्यातल्या मिठाच्या आम्लाने (हायड्रोक्लोरिक ॲसिडने) स्टेनलेसलाही खड्डे पडतात.

आणि पंचा. आईने तिसऱ्याच दिवशी नव्या दांड्यावर पंचा वाळत घातला. टॉवेल रॉड गेला होता, मग घालणार कुठे? पण ओल्या कापडावरून हात सरकतो, आणि तो काढून दांडा धरायला पडताना वेळ नसतो. आता दारामागे, तिचा हात जेमतेम पोचेल इतक्या उंच, एक खुंटी आहे.